घरचं जवस असताना विकतचं तेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि लग्नात, आठवडी बाजारात, पोळ्याच्या गर्दीत सगळे हेच विचारतात म्हणून, एकदाचं लिहून ठेवते. "जवस आपल्या वावरात, घाणा गावात, मंग चित्राले इकतचं तेल काहून?" तैलचित्रं काढणारी ही बाई उगाच चित्राचा भाव वाढवते, हे त्यामागचं न बोललेलं वाक्यही मला ऐकू येतं.

उगाच वाढवत नाही. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचा घट्ट थर बनतो. हे मुख्यतः त्यातल्या लिनोलेनिक आम्लामुळे होतं. नेहमीच्या जवसात ते तेलाच्या निम्म्याच्या आसपास असतं. शेंगदाण्याच्या तेलात जवळजवळ नसतंच, म्हणून ते वाळत नाही. आणि गावच्या घाण्यात तुमच्या जवसाआधी बहुतेक वेळा शेंगदाणाच गाळलेला असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं टीएल ९९ हे वाण तर खाण्याच्या तेलासाठीच काढलंय, त्यात लिनोलेनिक ५ टक्क्यांच्या आत. फोडणीला चांगलं, कॅनव्हासवर चिकटच राहणार. बी कोणतं, हे मी आधी विचारते ते यासाठी.

दुरुस्तीला आलेलं एक चित्र मात्र सविस्तर सांगायलाच हवं. एका घरातल्या आईचं, नऊवारीतलं. तेरवीला पाहिजे म्हणून घाई. तेल घरच्यांनीच दिलं होतं, घाण्यावरून आणलेलं, न धुतलेलं. लवकर वाळावं म्हणून चित्र काढणाऱ्यानं त्यात हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल, म्हणजे झटपट वाळणारं जवसाचं तेल, घातलं. त्यात तेल लवकर वाळवणारे धातूंचे क्षार, म्हणजे ड्रायर, असतात; दारं-खिडक्यांना ते ठीक. तेरवीला चित्र छान दिसलं, मग माजघरात अंधाऱ्या भिंतीवर गेलं. माझ्याकडे आलं तेव्हा पदराचा पांढरा तपकिरी झाला होता, गालांवर पिवळेपणा होता, आणि केसांच्या काळ्या रंगावर बारीक सुरकुत्या. "आईले कावीळ झाल्यावानी दिसते," मुलगा म्हणाला.

सुरकुत्यांचं कारण सरळ आहे. काळा रंग तेल जास्त पितो आणि मुळातच सावकाश वाळतो. ड्रायरनं वरचा पापुद्रा आधी धरला, खाली ओलंच राहिलं. पापुद्रा ऑक्सिजन घेऊन फुगला आणि पसरायला जागा नसल्यानं दुमडला. पिवळेपणा अंधारानं वाढला होता. ओसरीत, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात काही आठवडे ठेवल्यावर गाल बरेच उजळले. पदर थोडाच. सुरकुत्या तशाच, कारण त्या खरवडल्या तर केसच जातील. नवीन काढून देते म्हटलं, तर ते नको म्हणाले. त्याच चित्रापुढं तेरवी झाली होती.

पूर्वी मी घरच्या तेलाला सरसकट नाही म्हणत असे. आता म्हणत नाही, पण घाणा धुतलेला हवा, बी न भाजलेलं हवं, आणि पहिल्या घाण्याचं तेल तुम्ही खायला न्या. मग काचेच्या बरणीत एक भाग तेल, दोन भाग पाणी, मूठभर धुतलेली बारीक वाळू. जोरात हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. तेल आणि पाणी यांच्या मधे पांढुरका बुळबुळीत थर येतो. तोच काढायचा असतो. मधला थर येईनासा होईपर्यंत आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. शेवटी तोंडाला मलमल बांधून बरणी उन्हात, रोज ढवळायची. आपल्या मे महिन्यात तेल लवकर फिकं आणि दाट होतं. एक थेंब काचेवर पातळ पसरून बघा: आठवड्याभरानंही बोटाला चिकटला, तर ते तेल चित्राचं नाही. आणि पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात, आणि आपला उन्हाळा ४५ अंशांचा. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

हे तेल मी चित्रातल्या जमिनीला, झाडांना, मागच्या भिंतीला वापरते. पांढऱ्यात करडई घाला, ती कमी पिवळी पडते, हे सांगणारेही बरोबर आहेत. पण तिचा थर जवसापेक्षा कमकुवत, आणि वाळायला जास्त दिवस. चेहऱ्याला कोणतं, यावर माझं मलाच अजून पटत नाही. तोवर चेहऱ्याला विकतचं शुद्ध केलेलंच. तेरवीच्या आत तैलचित्र हवं असेल, तर मी फोटो मोठा करून घ्या म्हणते, आणि चित्र वर्षश्राद्धाला देते.