नीट यंदा नाही, पुढच्या वर्षी

आप्पा म्हणतात, बारावीबरोबरच नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, देऊन टाक. मी नाही म्हणाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मे महिन्यात नीट. मधल्या दिवसांत माझं फिजिक्स पक्कं होणार नाही. ७२० पैकी बायोलॉजीचे ३६० गुण, तिथे मला भरवसा आहे. पण उरलेले निम्मे फिजिक्स-केमिस्ट्रीचे, आणि चुकलेल्या उत्तरामागे एक गुण कापतात.

नीट कितीदाही देता येते, मग घाई कशाला? मला जळगाव नाहीतर धुळ्याचं सरकारी कॉलेजच हवंय. खासगीच्या फीसाठी रावेरचं केळीचं वावर विकावं लागेल, आणि ते मी होऊ देणार नाही. राज्यातल्या मुलांसाठीच्या ८५ टक्के जागांच्या कोट्यातून अर्ज करणार. बोर्ड संपलं की रोज पहाटे आधी फिजिक्स. आप्पा अजून नाराज आहेत.