तुम्ही विचारलंत म्हणून: लेक पुण्याला जाणार, मग तुमचं कसं?

लेकीचं लग्न ठरल्यापासून इथे इंदूरच्या रामबागेत कुणीही भेटलं की हेच विचारतं. परवा केळवणाच्या पंगतीतही हाच प्रश्न आला. वाढणं चालू होतं, नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

जड जातंय. "आतापासूनच मन घट्ट करा," असं मोठी माणसं मायेनं सांगतात, पण मला ते करायचं नाही. तिच्यासमोर डोळे भरून आले तर येऊ देतो. त्यापायी तिनं स्वतःचा आनंद आवरू नये, एवढं तिला सांगून ठेवलंय.

अंतराचं मला भय नाही. रात्री बसमध्ये बसलं की सकाळी पुणं. भय आहे ते लेक माहेरी पाहुणी होण्याचं. माझ्या बहिणीचं तसं झालेलं मी पाहिलंय. ज्या घरात ती वाढली, तिथल्या कपाटाला हात लावायच्या आधी ती वहिनीला विचारायची. आमच्याकडे तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून केळवणं सुरू व्हायच्या आधीच लेक आणि मुलगा दोघांनाही बसवून आजोबांपासून चालत आलेल्या घराचे कागद दाखवले. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिलाय, आणि लग्न झालं म्हणून तो जात नाही. शुभकार्याच्या तोंडावर हा विषय कशाला, असं काही नातेवाईक म्हणाले. मला तर हीच वेळ योग्य वाटते. मुलगा म्हणाला, "बाबा, यात सांगायचं काय? घर तिचंही आहेच." त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

विधींमध्ये माझा जीव कन्यादानात अडकलाय. गुरुजींकडून आधीच सगळं समजून घेतलं. वधूपिता वराला सांगतो, धर्म, अर्थ आणि काम यांत हिला सोडून वागू नकोस, आणि वर तीनदा म्हणतो, "नातिचरामि". १९५५च्या विवाह कायद्यानुसार सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. ते खरंच आहे, पण बाप म्हणून माझे कान त्या तीन होकारांकडे लागलेत. एरवी त्याच वेळी मांडवात जेवणाच्या पानांची गडबड असते आणि कुणाला काही ऐकू जात नाही. म्हणून गुरुजींना विनंती केली, एवढा भाग मराठीतही सांगा, माईकवर सांगा. होणाऱ्या जावयांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "बाबा, मी मोठ्यानंच म्हणेन." मला मुलगा तिथेच पुन्हा एकदा पसंत पडला.

बाकी वेळ कामात जातो. पहिली पत्रिका इंदूरच्या रिवाजाप्रमाणे खजरान्याच्या गणपतीला ठेवून आलो. अष्टपुत्री, म्हणजे लग्नविधीची पिवळी साडी, मामा आणणार आहे. तिला स्वतःला मात्र महेश्वरी हवी होती, आणि ती शीतलामाता बाजारातली नको, महेश्वरला जाऊनच घ्यायची होती. आम्ही दोघंच गेलो. मागावर रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, आणि काठ असा की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. तिनं विणकर बाईंना इतके प्रश्न विचारले की दुपार तिथेच गेली. मग घाटावर बसून घरून नेलेले डबे खाल्ले आणि लग्न सोडून सगळं बोललो.

पहिला दिवाळसण आमच्याकडे आहे. पुढच्या दिवाळ्या कुठे, हे ते दोघं ठरवतील.