कोपानच्या राजांची वंशावळ

कोपान रुइनास, होंडुरास. गुरुवार, रात्री.

सकाळी कोपान या प्राचीन माया नगराच्या अवशेषांचे दार उघडताच आत शिरले आणि थेट चित्रलिपीच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. सुमारे 2200 चिन्हांचा हा लेख माया संस्कृतीतील सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. परंतु तो सलग वाचता येत नाही, कारण जिन्याचा बराचसा भाग ढासळला होता आणि 1930 च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी या संशोधन संस्थेने तो पुन्हा रचला, तेव्हा ही लिपी वाचू शकणारे कोणीच नव्हते. पायऱ्या बसल्या, मजकूर मात्र विस्कटलेलाच राहिला. दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. त्याला पावसापासून जपण्यासाठी वर कापडी छत ताणलेले आहे.

738 साली येथील तेराव्या राजाचा किरिग्वा या मांडलिक नगराच्या राजाने शिरच्छेद केला. मोठ्या चौकातील बहुतेक शिल्पस्तंभ याच तेराव्या राजाने उभारले होते. त्याच्यामागून पंधराव्या राजाने हा जिना पूर्ण करून घराण्याचा सारा इतिहास त्यावर कोरविला. मानहानी झालेल्या घराण्यालाच आपली वंशावळ इतक्या मोठ्याने सांगावीशी वाटली असेल, असे मला राहून राहून वाटते.

अभ्यासकांनी ‘क्यू’ हे अक्षर दिलेल्या वेदीसमोर तर याविषयी शंकाच उरली नाही. 776 सालच्या या चौरस दगडाच्या प्रत्येक बाजूस चार असे एकूण 16 राजे बसविले आहेत. 426 साली राज्य स्थापणारा किनिच याश कुक मो हा मूळपुरुष, मधली साडेतीनशे वर्षे ओलांडून, सोळाव्या राजाच्या, म्हणजे याश पसाहच्या, हाती राजदंड देत आहे. वाकून पाहिले, तेव्हा बहुतेक राजे आपापल्या नावाच्या चिन्हावरच मांडी घालून बसलेले दिसले. उघड्यावर ठेवली आहे ती प्रतिकृती. मूळ वेदी शेजारच्या शिल्पसंग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या मधोमध रोसालिला मंदिराची लालभडक, पूर्णाकृती प्रतिकृती उभी आहे; मूळ मंदिर पाडून न टाकता जपून पुरले गेले आणि 1989 साली दुसऱ्या इमारतीच्या पोटात सापडले. रंग डोळ्यांना खुपतो खरा, पण करड्या दगडांवरून आपण मायांची जी सोज्वळ प्रतिमा मनात बाळगतो, ती मोडायला तो हवाच.

मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते 822 सालच्या ‘एल’ वेदीने. उकित तूक नावाच्या दावेदाराने ‘क्यू’ वेदीचाच कित्ता गिरवून स्वतःला याश पसाहसमोर बसविले; पण एक बाजू पुरी झाली, दुसरी नुसती सुरू झाली आणि उरलेल्या दोन कोऱ्याच राहिल्या. पुढे कोरायला सांगणारा राजा राहिला नव्हता.

अवशेषांपासून गाव जेमतेम किलोमीटरभर. गोट्यांच्या फरसबंदीचे चढउतार, लाल कौलांची घरे, मध्ये चौक आणि त्याला वळसे घालणाऱ्या तीनचाकी मोटोटॅक्सी, त्यांच्या पाठीवर ‘बजाज’ हे नाव! पुण्याहून इतक्या दूर आल्यावर रिक्षा पाहून हसू आवरले नाही; चालकाला सांगितले, तेव्हा त्याने भाडे तेवढेच लावले. जेवणाला बालेआदा घेतली: गव्हाची जाडसर रोटी, आत वाटलेला राजमा, साय आणि चीज. पोट भरले, तिखटाची आठवण मात्र झाली.

चौकात या भागातील माया वंशाच्या चोर्ती समाजातील बायका व मुले मक्याच्या कणसाच्या पातीच्या बाहुल्या विकत होती. जिन्यावर कोरलेली भाषा अभ्यासकांच्या मते चोर्तीची जवळची नातलग आहे. तरीही या खोऱ्यातील जमिनी दुसऱ्यांच्या हाती गेल्या आणि 1998 साली चोर्ती लोकांनी जमिनीच्या मागणीसाठी अवशेषांचा ताबा घेतला, तेव्हा पर्यटकांना दारातूनच परतावे लागले. सोळा राजांची नावे मी आज मन लावून वाचली. या आंदोलनाविषयी मात्र दिवसभरात एकही फलक माझ्या नजरेस पडला नाही.