मोर्सचा रायटर

ऑक्सफर्डच्या गाडीत बाबांनी खिडकीजवळची जागा धरली आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या सुबक, ठाण्यात घटवलेल्या अक्षरात चारच शब्द होते. जेरिको. म्युझियम. हॉटेल. हिरवळ. प्रत्येक शब्दापुढे वेळ टाकायला मोकळी जागा सोडलेली.

बाबा सातारा जिल्हा पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मे महिन्यात ते आमच्याकडे इंग्लंडात, रेडिंगला आले. मी आणि माझा नवरा दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले, म्हणून बाबा दुपारी टीव्हीसमोर बसायचे. आयटीव्ही थ्री वाहिनीवर जुन्या मालिका लागतात. तिथे त्यांना एक पांढऱ्या केसांचा, सदा वैतागलेला पोलीस अधिकारी दिसला आणि त्याच्यामागून वही घेऊन चालणारा एक तरुण हवालदार. इंग्रजी वाचलेलं बाबांना कळतं, ऐकलेलं निसटतं. मी खालची अक्षरं सुरू करून दिली. तीन-चार दिवसांत चहाची वेळ मालिकेच्या वेळेला येऊन मिळाली.

ही मालिका म्हणजे ‘इन्स्पेक्टर मोर्स’. जानेवारी 1987 मध्ये पहिला भाग दाखवला गेला, नोव्हेंबर 2000 मध्ये शेवटचा. भाग एकूण 33, पण एकेक भाग सिनेमाएवढा लांब. कॉलिन डेक्स्टर या लेखकाच्या कादंबऱ्यांवरून ती सुरू झाली. डेक्स्टर मुळात लॅटिन-ग्रीक शिकवणारे शिक्षक. ऐकू येणं कमी होत गेलं तशी त्यांनी शाळा सोडली आणि 1966 मध्ये ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात नोकरी धरली. शब्दकोड्यांचं त्यांना वेड. मोर्स आणि लुईस ही दोन्ही नावं त्यांनी शब्दकोडी सोडवणाऱ्या आपल्या प्रतिस्पर्ध्यांवरून घेतली. बाबा रोज सकाळी पेपरातलं कोडं सोडवल्याशिवाय आंघोळीला जात नाहीत, त्यामुळे हे ऐकल्यावर डेक्स्टर त्यांना घरचेच वाटू लागले. जवळजवळ प्रत्येक भागात हे लेखकमहाशय गर्दीत कुठेतरी क्षणभर दिसतात. त्यांना हुडकायचं काम बाबांनी नातवाकडे दिलं होतं.

पण बाबांचा जीव जडला तो लुईसवर, म्हणजे त्या वही घेऊन चालणाऱ्या हवालदारावर. दुसऱ्या का तिसऱ्याच दिवशी ते म्हणाले, “अगं, हा तर मोर्सचा रायटर.”

खात्याबाहेरच्या लोकांसाठी सांगते. तपासी अधिकाऱ्याच्या हाताखाली एक हवालदार असतो. जाबजबाब तो लिहून घेतो, पंचनाम्याचा मजकूर तो घालतो, दोषारोपपत्राचे कागद तोच लावतो. त्याला रायटर म्हणतात. सही साहेबांची, अक्षर रायटरचं. बाबा बारा वर्षं एकाच साहेबांचे रायटर होते. साहेबांची बदली झाली की महिन्या-दोन महिन्यांत बाबांची बदली तिथे व्हायची.

म्हणून आम्ही दोघं एकच मालिका बघत होतो, पण बघत वेगवेगळं होतो. मला मोर्स दिसायचा. त्याचं वॅग्नरचं संगीत, त्याची लाल जॅग्वार गाडी, नंबर 248 आरपीए. पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडल्याची त्याची बोच, बायकांच्या बाबतीतलं त्याचं एकटेपण. बाबांना दिसायचं की साहेब प्रेताकडे बघत नाहीत, मान वळवतात, आणि प्रेताजवळ वाकतो तो लुईस. साहेब पहिल्या झटक्यात चुकीच्या माणसावर संशय घेतात. दारोदार जाऊन विचारणारा, टेलिफोनची बिलं चाळणारा लुईस. आणि बिअरचे पैसेही लुईसच देतो, याचा बाबांना मनापासून राग यायचा. “आमच्या साहेबांनी बारा वर्षांत मला चहाचे पैसे कधी देऊ दिले नाहीत,” ते म्हणायचे.

रेडिंगहून ऑक्सफर्डला गाडीने अर्धा तास लागतो. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मी घुमटांच्या दिशेने वळणार, तर बाबांनी कागद पुढे केला. आधी जेरिको. मालिका सुरू झाली तिथून.

जेरिको ही ऑक्सफर्डची कालव्याकाठची जुनी कामगार वस्ती. वॉल्टन स्ट्रीटवर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची प्रचंड इमारत आहे. छापखान्यातली माणसं तिच्या मागच्या गल्ल्यांत राहायची. आता या विटांच्या चिंचोळ्या घरांच्या किमती ऐकून छाती दडपते, पण घरांची ठेवण चाळीसारखीच, भिंतीला भिंत, दार उघडलं की थेट रस्ता. सेंट बार्नबस चर्चचा उंच मनोरा डोक्यावर ठेवून आम्ही कूम रोडला पोहोचलो. छापखान्याचे व्यवस्थापक टॉमस कूम यांनी हे चर्च बांधवलं, रस्त्यालाही त्यांचंच नाव. पहिल्या भागात मोर्सबरोबर गानवृंदात गाणारी एक बाई तिच्या घरात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडते, ते घर या गल्लीत.

गल्ली एवढीशी. टोकाला गेलं की कालवा. बाबा तिच्या तोंडाशी उभे राहिले, मग टोकापर्यंत चालत गेले, परत आले. पावलं मोजत होते. “इथून कोण आलं-गेलं ते समोरच्या खिडकीतून दिसणारच,” ते म्हणाले. “साक्षीदार समोरच्या घरात शोधायचा.” कोपऱ्यावरच्या बुकबाइंडर्स नावाच्या जुन्या पबबाहेर कुंड्यांना पाणी घालणारी एक बाई आमच्याकडे बघून हसली. मोर्स बघायला आलात ना, असं तिने विचारलं. इतक्या वर्षांनीही लोक येतात म्हणे. बाबांनी कागदावर जेरिकोपुढे लिहिलं, 11.40.

अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये मला जे बघायचं होतं ते एका काचेच्या पेटीत, अंगठ्याएवढं आहे. आल्फ्रेड ज्वेल. नवव्या शतकातला सोन्याचा दागिना, लांबी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. 1693 मध्ये सॉमरसेटमधल्या एका शेतात सापडला. थेंबाच्या आकाराच्या स्फटिकाखाली मीनाकामातली मोठ्या डोळ्यांची आकृती, आणि कडेने सोन्याच्या जाळीत कोरलेली अक्षरं: आल्फ्रेडने मला घडवून घेतले. दागिना स्वतःच बोलतो. निमुळत्या टोकाला एका पशूचं तोंड आहे आणि त्या तोंडात एक पोकळ नळी. तिच्यात हस्तदंताची किंवा लाकडाची काडी बसवून पोथी वाचताना ओळीवर ठेवत असावेत, असं जाणकार मानतात. ‘वुल्वरकोट टंग’ या भागातला चोरीला जाणारा दागिना यावरूनच सुचलेला. बाबा पेटीभोवती फिरून चारी बाजूंनी बघत राहिले. मुद्देमालाचं वर्णन लिहायचं असल्यासारखं मला हळू आवाजात सांगत होते, “पिवळ्या धातूचा, मध्ये काच, वजन...” वजनाला ते थांबले. पिवळ्या धातूचा! सोनं असं पंचनाम्यात कधी लिहायचं नसतं, सराफाने सांगेपर्यंत.

समोर रस्ता ओलांडला की रॅन्डॉल्फ हॉटेल. ‘वुल्वरकोट टंग’मधले पर्यटक इथेच उतरतात आणि डेक्स्टर इथल्या बारचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. बाहेरूनच फोटो काढला.

ब्रॉड स्ट्रीटवर शेल्डोनियन सभागृहाच्या कुंपणावरची दाढीवाल्या पुरुषांची दगडी मुंडकी ओळखीची निघाली. कुठल्याही भागात ती एकदा तरी मागे दिसतात. व्हाइट हॉर्स हा बोळाएवढा पब दोन पुस्तकांच्या दुकानांमध्ये चेपलेला आहे. कॅट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मी बाबांना वर बघायला सांगितलं. एका इमारतीच्या घुमटीवर वारा दाखवणारा सोनेरी हत्ती, पाठीवर अंबारी. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या ग्रंथालयात असतो, त्या मोनिअर विल्यम्स यांनी ती उभी केली. पायाभरणी 1883 ची. त्यानंतर सहाच वर्षांनी नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकायला आल्या, आणि ऑक्सफर्डमध्ये हा अभ्यास करणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्यावर पानंच्या पानं लिहायला हवीत. बाबांनी हत्तीला नमस्कार केला आणि घड्याळ बघितलं.

रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या गोल ग्रंथालयाला वळसा घालताना ब्रेझनोज कॉलेजचं दार दाखवलं. मालिकेतलं लॉन्सडेल कॉलेज खऱ्या ऑक्सफर्डमध्ये नाही, त्याचं बरंचसं चित्रीकरण इथे झालं. चालता चालता मी बाबांना शीर्षकसंगीताची गोष्ट सांगितली. संगीतकार बॅरिंग्टन फेलुंग यांनी त्यात मोर्स हे नावच मोर्स कोडमध्ये गुंफलंय. बाबा जागीच थांबले. मग भिंतीवर नखाने ठोकू लागले. दोन लांब. तीन लांब. छोटा-लांब-छोटा. तीन छोटे. एक छोटा. मी थक्क. “वायरलेस रूममध्ये रात्रपाळीला बसायचो,” म्हणाले. “ऑपरेटर शिकवायचा.”

टर्ल स्ट्रीटवर एक्सेटर कॉलेजच्या छोट्या दारातून आत गेलं की एकदम उजेड येतो. चौफेर दगडी इमारती, डाव्या हाताला उंच टोकदार चॅपेल आणि मधोमध कापून तयार केलेल्या गालिच्यासारखी हिरवळ. शेवटच्या भागात मोर्स इथे कोसळतो. चॅपेलमधून फोरे या संगीतकाराच्या रिक्विएमचं, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं, गाणं येत असतं, तो ऐकत चालत असतो, आणि खाली पडतो. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, अशी पाटी होती. बाबा कडेच्या फरसबंदीवर उभे राहिले.

“लुईस तेव्हा विमानतळावर होता,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. आरोपी देश सोडून पळू नये म्हणून लुईस हीथ्रोला धावलेला असतो. अटक होते, केस सुटते, आणि तो परत येईपर्यंत इस्पितळात मोर्स गेलेला असतो. लुईसला माझे आभार सांगा, एवढंच तो जाता जाता वरिष्ठांजवळ बोलतो.

“मी लोणंदला होतो,” बाबा म्हणाले. “माउलींच्या पालखीचा बंदोबस्त. साहेबांना आदल्या रात्री पुण्याला हलवलेलं. मला वाटलं, छातीत दुखतंय म्हणजे दोन दिवस ठेवतील, पालखी पुढं गेली की जातो. पहाटे वायरलेसवर निरोप आला. तंबूत शंभर माणसं झोपलेली. मी निरोप माझ्या हातानं लिहून घेतला, वेळ टाकली, आणि मग वाचला.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. साहेब गेले तेव्हा मी नववीत होते. बाबा चार दिवस उशिरा घरी आले आणि जेवून झोपले, एवढंच मला आठवत होतं. आईलाही त्यांनी वायरलेसचं सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

चॅपेलमध्ये कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा. बाबांनी कागद काढला, भिंतीला टेकवला आणि हिरवळीपुढे वेळ लिहिली. 3.25. खाली सही केली.

संध्याकाळी घरी जेवणं झाल्यावर मी त्यांना विचारलं, पुढचं बघायचं का. लुईसची स्वतःची मालिका आहे, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. 2006 मध्ये ती सुरू झाली, तिचेही 33 भाग झाले. जॉन थॉ, म्हणजे पडद्यावरचा मोर्स, 2002 मध्येच वारला होता, आणि केव्हिन व्हेटली हा नट पुन्हा लुईस म्हणून उभा राहिला, या वेळी इन्स्पेक्टर होऊन.

पहिला भाग लावला. लुईस परदेशातली नेमणूक संपवून परत येतोय. मधल्या काळात त्याची बायको अपघातात गेलीय. अंगात फुलाफुलांचा शर्ट, केस पिकलेले, आणि त्याला घ्यायला एक उंच, तरुण सार्जंट आलाय.

“हे हीथ्रो का?” बाबांनी विचारलं.

“हो बाबा.”

ते खुर्चीत पुढे सरकून बसले. “आता साहेब झाला तो,” म्हणाले. मग त्या सार्जंटकडे बोट करून मला विचारलं, “ह्याचं नाव काय?”