२५ तारखेच्या आत जमलं पाहिजे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नागपुरात थंडी आणि सरकार दोन्ही मुक्कामाला आलेले असतात. अधिवेशनापायी सीताबर्डीकडचे रस्ते कधी मोर्चानं, कधी बॅरिकेडनं अडतात. पहाटे पारा दहा-बाराच्या घरात जातो आणि दुपारी गच्चीवरचं ऊन सोडवत नाही. दिवाळी अंकांतल्या कथा तोवर वाचून झालेल्या असतात, उरतात ते परिसंवाद. अशा दिवसांत उन्हाकडे पाठ करून, बाजूला संत्री घेऊन वाचायला नाताळातल्या प्रेमाच्या इंग्रजी कादंबऱ्यांसारखा दुसरा प्रकार नाही. संत्रं मात्र पुस्तकापासून हातभर लांब सोलावं, सालीचा फवारा उडाला की पानावर डाग पडलाच.

सणाच्या निमित्तानं वाचणं आपल्याला नवं नाही. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. इंग्रजीत डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ ला आलं, म्हणजे नाताळाच्या ऐन सहा दिवस आधी. त्यात प्रेमकथा आहे ती मोडलेल्या वाङ्‌निश्चयाची आणि तीही दोन-चार पानांत उरकलेली. आज नाताळी प्रेमकथांचे जे ढीग दिसतात त्यांत मोडण्याची परवानगी नाही. दोघांचं जमणार, हा त्या प्रकाराचा करारच आहे.

मग शेवट ठाऊक असताना वाचायचं काहून, असं कोणीतरी विचारतंच. रुक्मिणी कृष्णाच्याच रथात बसणार हे कौंडिण्यपुरापासून मुंबईपर्यंत कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी मंडळी उठून जात नाहीत. लग्न उद्यावर आलंय, शिशुपाल वऱ्हाड घेऊन गावात उतरलाय, भाऊ अडून बसलाय आणि पत्र द्वारकेला पोचायचंय. जीव लागतो तो या वेळेच्या ओढाताणीत. नाताळाच्या कादंबरीत हे मुहूर्ताचं काम २५ तारीख करते. नायिका बहुधा विसाच्या आसपास गावी पोचते, २६ ला तिचं परतीचं तिकीट असतं आणि मधल्या चार-पाच दिवसांत काय ते व्हायचं असतं.

दुसरं हत्यार बर्फ. रस्ते बंद करायचे आणि नको असलेल्या दोन माणसांना एका छपराखाली कोंडायचं, एवढंच त्याचं काम. यातला सगळ्यात सुरेख प्रसंग नाताळी कादंबरी म्हणून कोणी वाचतच नाही अशा पुस्तकात आहे. जेन ऑस्टिनची ‘एमा’, डिसेंबर १८१५. नाताळाच्या आदल्या रात्री शेजाऱ्यांकडे जेवण चाललंय. एमाचा मेहुणा बाहेर डोकावून येतो आणि सांगतो की बर्फ जोरात पडतोय. एमाचे वडील घाबरून जातात, सगळ्यांची उठायची घाई. त्या गोंधळात मेहुणा आपली जागा विसरून बायकोमागोमाग पहिल्याच बग्गीत चढतो आणि दुसऱ्या बग्गीत एमा व पाद्री एल्टन असे दोघंच उरतात. यजमानांची उंची दारू एल्टनच्या पोटात गेलेली. दार लागतं न लागतं तोच तो तिचा हात धरून मागणी घालतो. एमा तर त्याला आपल्या मैत्रिणीसाठी हेरून बसलेली! त्याच्या घरापर्यंतचा तो थोडासा रस्ता काही केल्या सरत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तोच बर्फ तिच्या कामी येतो: नाताळ असूनही चर्चला जाता येत नाही, त्यामुळे एल्टनचं तोंड पाहावं लागत नाही. एका बर्फाकडून दोन्ही कामं करून घेतलीत बाईंनी. आजच्या किती लेखिकांना हे जमतं?

यातूनच पुस्तक पारखायची पहिली युक्ती मिळते. मलपृष्ठावरची गोष्ट वाचायची आणि मनातल्या मनात तीतून नाताळ काढून टाकायचा. गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर तो नाताळ मुखपृष्ठापुरता आहे. दुसरी युक्ती फोनची. दोघांमधला गैरसमज एका फोनवर मिटण्यासारखा असेल, तर तीनशे पानं ताणायला लेखिकेला कोणाला तरी मूर्ख बनवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते वाचकालाच. अडचण माणसाच्या स्वभावात किंवा परिस्थितीत हवी. घर विकलं जाणार आहे, तो मैत्रिणीचा नवरा व्हायचाय, कोणी नुकतंच गेलंय, अशी.

आता नावं. ख्रिस्टिना लॉरेन हे दोन मैत्रिणींनी मिळून घेतलेलं टोपणनाव. त्यांच्या ‘इन अ हॉलिडेझ’मध्ये (२०२०) युटातल्या केबिनवर दरवर्षी जमणारी कुटुंबं आहेत. मे ही नायिका आवडत्या मुलाऐवजी त्याच्या भावाचं चुंबन घेऊन बसते, २६ ला अपघात होतो आणि डोळे उघडतात ते पुन्हा २० तारखेच्या विमानात. केबिन विकायला निघालंय, म्हणून तारखेला वजन आहे. वरच्या दोन्ही युक्त्यांत पुस्तक पास. सुरुवात करायची तर इथून करावी.

जोसी सिल्व्हरच्या ‘वन डे इन डिसेंबर’वर (२०१८) नावामुळे अन्याय होतो. लंडनच्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून लॉरीला बसस्टॉपवरचा एक जण दिसतो, बस निघून जाते. ती वर्षभर त्याला शोधते, आणि तो भेटतो तो जिवलग मैत्रिणीचा मित्र म्हणून. ही तब्बल दहा वर्षं चालणारी गोष्ट आहे, डिसेंबर अधूनमधून येतो. गोड, उबदार काही हवं म्हणून हे हाती घेणारे मध्यावर वैतागतात. दोष पुस्तकाचा नाही, जीव कुरतडणारं वाचायचं असेल तेव्हाच ते काढावं.

रोझमंड पिल्चरची ‘विंटर सॉल्स्टिस’ (२०००) या सगळ्यांत वरची. नायिका एल्फ्रिडा बासष्ट वर्षांची, नाटकातून निवृत्त. ऑस्कर हा तिचा शेजारी, बायको आणि मुलगी एकाच अपघातात गमावलेला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या घरात एकेक करून पाच माणसं गोळा होतात. पहिली शंभर पानं फारसं काही घडत नाही, फक्त चहा, कुत्रा आणि सामानाची हलवाहलव. तिथं पुस्तक सोडणारे पुष्कळ. पण शेवटी घर भरतं तेव्हा जे वाटतं, त्याची किंमत त्या शंभर पानांनीच मोजलेली असते. आई-मावशींना द्यायला याहून चांगलं नाही. त्यांना हलकंफुलकं हवं असेल तर जास्मिन गिलरीची ‘रॉयल हॉलिडे’ (२०१९) आहे. पन्नाशी ओलांडलेली कॅलिफोर्नियाची समाजसेविका आणि इंग्लंडच्या राणीचा खाजगी सचिव! भांडण जवळपास नाहीच, त्यामुळे दुपारी डोळा लागण्याचा धोका आहे.

कॉलेजातल्या मुलांसाठी ‘लेट इट स्नो’ (२००८): तीन लेखक, तीन गोष्टी, आणि नाताळाच्या आदल्या रात्री बर्फात अडकून पडलेली आगगाडी. दिल्लीकडून धुक्यात रखडत येणाऱ्या गाडीची फलाटावर वाट पाहिलेल्या नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्यांना तेवढंही जमणार नाही त्यांनी ओ. हेन्रीची १९०५ मधली ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही कथा उघडावी, एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट हाती असलेल्या डेलाची. पंधरा मिनिटांत होते.

मुखपृष्ठावरच्या गोंडस चित्राला मात्र भुलू नये. लाल मफलर, पिवळ्या उजेडाच्या खिडक्या, बाहेर बर्फाचा बाहुला, आणि आत काहीही असू शकतं. बेडरूमचं दार लेखिका लावून घेते की सताड उघडं ठेवते, हे चित्रावरून कळायला मार्ग नाही. भाचीला द्यायचं असेल तर ऑनलाइन अभिप्रायांत ‘क्लोज्ड डोअर’ असं लिहिलंय का ते आधी शोधावं.

फुटपाथवर किंवा किलोवर विकणाऱ्या प्रदर्शनात यातलं बरंच मिळतं, मिल्स अँड बून तर ढिगानं. १९०८ मध्ये लंडनला निघालेली ही कंपनी १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनकडे गेली. तिची पुस्तकं दोनशे पानांच्या आतबाहेर, त्यामुळे एका रविवारी एक संपतं. रद्दी म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी माहिती: इंग्लंडमध्ये २००३ मध्ये सुरू झालेल्या एम-६ टोल रस्त्याच्या डांबरीकरणात या कंपनीच्या सुमारे २५ लाख जुन्या पुस्तकांचा लगदा घातलाय.

जुनं घेताना कणा पाहावा. स्वस्त पेपरबॅकला शिवण नसते, नुसता गोंद. लोखंडी कपाटात आपले पंचेचाळीस अंशांचे चार-दोन उन्हाळे काढलेल्या पुस्तकाचा गोंद ठिसूळ होतो. मग एका हातात धरायला म्हणून पुस्तक पुरतं उलटं मोडलं, की कणा तडकून पानं जुडीनं हातात येतात. दुकानातच मधोमध हलकेच उघडून पाहावं, करकर ऐकू आली तर ठेवून द्यावं. घरचंच सुटलं असेल तर पानं ठोकून सारखी करावीत, कण्याला फेविकॉलचा पातळ हात द्यावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावं. जाड थर लावला तर वाळल्यावर पुस्तक उघडतच नाही. पिवळ्या पानांना घाबरू नये, तो स्वस्त कागदात उरलेल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्याचा गुण. त्यावर उजेडानं आणखी भर पडते, म्हणून वाचून झाल्यावर पुस्तक उन्हात पडू देऊ नये. आणि शेवटची चार पानं जागेवर आहेत ना, हे विकत घेण्याआधी पाहायचं. जुन्या पुस्तकांत आधी तीच जातात.

कॉन्व्हेंटच्या पोरांना नाताळाची मोठी सुट्टी, नोकरदाराला २५ ची एकच. तेव्हा ३२० पानांचं पुस्तक १७ ला धरावं, रोज ४० पानं, म्हणजे २४ च्या रात्री संपतं. या कादंबऱ्यांत दोघांचं मोठं भांडण साधारण पाऊण पुस्तकाला होतं, इथं ते २४० व्या पानाच्या आसपास येईल, म्हणजे २२ तारखेला. त्या रात्री ठरल्या पानाशी थांबू नये, पुढचं एक प्रकरण वाचूनच दिवा घालवावा, नाहीतर झोप लागत नाही. ई-बुक असेल तर २४ चा हिशेब जरा वेगळा ठेवायचा. टक्केवारी नव्वद-ब्याण्णव दाखवत असताना गोष्ट अचानक संपते, आणि राहिलेल्या पानांत लेखिकेच्या पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण असतं.