एकोणीस ग्रुप, पोचले सोळाच

मकरपुरा जीआयडीसी या वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा फाइल सर्व्हर बदलला होता. जुन्यावर डेबियन, नव्यावर रॉकी, दोन्ही लिनक्सच्याच जाती. ड्रॉइंगची फोल्डरं एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डरं वाटायची पद्धत) सगळ्या मशिनांवर माउंट होतात, म्हणजे जोडली जातात. दर प्रकल्पाला एक युनिक्स ग्रुप, त्यात असलेल्यालाच फोल्डर उघडतं. सोमवारी सगळ्यांचं काम सुरू झालं, अडले फक्त डिझाइनचे प्रमुख. "जुने प्रकल्प उघडतायत. शेवटच्या तिनांना परमिशन डिनाइड. आणि परवा लागलेल्या पोराला तीच तीन उघडतात. हा काय प्रकार हो?"

पहिला संशय सर्व्हर बदलताना केलेल्या कॉपीवर. पण सर्व्हरवर त्यांच्या यूआयडीने (खात्याचा आकडा) शिरून एलएस, म्हणजे यादी दाखवणारी आज्ञा, मारली तर तिन्ही फोल्डरं उघडली. डिस्कवरच्या परवानग्या ठीक, घोळ वाटेत. त्यांच्या मशिनवर खात्याचे ग्रुप दाखवणारी 'आयडी' आज्ञा चालवली: एकोणीस ग्रुप. तिथेच ट्यूब पेटली. एनएफएसच्या पोर्ट 2049 वर टीसीपीडम्प (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं साधन) लावून खात्री केली. विनंतीत ग्रुप सोळाच होते.

सेक=सिस ही एनएफएसची साधी ओळख-पद्धत वापरली की क्लायंट, म्हणजे फोल्डर मागणारं मशिन, प्रत्येक विनंतीसोबत यूआयडी, मुख्य जीआयडी (ग्रुपचा आकडा) आणि वर जास्तीत जास्त सोळा ग्रुप पाठवतो. ही मर्यादा आरपीसीच्या (एनएफएसच्या विनंत्या वाहून नेणारी पद्धत) ओळखपत्रातच आहे. लिनक्स यादी आकड्याच्या क्रमाने ठेवतो, म्हणून नवे, मोठ्या आकड्यांचे ग्रुप गळतात. ज्याच्याकडे जास्त प्रकल्प, त्यालाच दार बंद. एनएफएसची चौथी आवृत्ती लावल्याने हे सुटत नाही. तिथलं आयडी-मॅपिंग फाइलच्या मालकाची नावं जुळवतं, हे ओळखपत्र तसंच राहतं. केर्बेरोस ही तिकिटांवर ओळख पटवणारी पद्धत असेल तर प्रश्न येत नाही.

कुणीतरी 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, सुचवलं. ते नेहमीच कुणीतरी सुचवतं.

उपाय सर्व्हरवर: ईटीसीतल्या एनएफएस.कॉन्फ फाइलमध्ये माउंटडी (माउंटच्या आणि ग्रुपांच्या चौकशीला उत्तर देणारी सेवा) विभागात 'मॅनेज-जीआयडीज=वाय', मग एनएफएस-माउंटडी सेवा रीस्टार्ट. डेबियनमध्ये हा पर्याय आधीपासून चालू असतो, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर हे कधी दिसलंच नव्हतं. आता क्लायंटने पाठवलेली ग्रुपांची यादी सर्व्हर बाजूला ठेवतो आणि यूआयडीवरून स्वतः शोधतो. तिन्ही फोल्डरं उघडली.

दुपारी प्लॉटर थांबला. प्लॉटचं खातं एका मशिनवर लोकल बनवलेलं, एलडॅपमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांच्या सामायिक यादीत, नव्हतंच. सर्व्हरला तो यूआयडी अनोळखी, म्हणून त्याचे जादा ग्रुप शून्य. म्हणून हा पर्याय चालू करण्याआधी प्रत्येक क्लायंटवरची लोकल खाती पाहा, आणि त्यांचे यूआयडी सर्व्हरवर 'गेटएंट पासडब्ल्यूडी' या खाती शोधणाऱ्या आज्ञेला सापडतात का ते तपासा. आम्ही त्याच यूआयडीने, त्याच ग्रुपांसह सर्व्हरवर खातं बनवलं. तरी प्लॉट निघेना, कारण माउंटडीने दिलेलं ग्रुपांचं उत्तर कर्नल अर्धा तास धरून ठेवतो. 'एक्स्पोर्टएफएस -एफ' मारलं की ते पुसलं जातं.