डच कादंबऱ्या, कारकून आणि वीस टन चीज

डच कादंबऱ्यांमध्ये माणसं फार ऑफिसात जातात. गेल्या काही महिन्यांत माझं हे मत झालंय, आणि मत म्हणजे मतच, कुणी प्रबंध मागू नये. रशियन कादंबरीतला माणूस देव आहे की नाही यावर रात्र घालवतो, फ्रेंचवाला दुसऱ्याच्या बायकोच्या प्रेमात पडतो आणि डच माणूस सकाळी उठून कोट घालून कामावर जातो, पत्रांना उत्तरं देतो, मालाचे भाव बघतो, हिशोब जुळवतो, आणि शे-दीडशे पानांनंतर आपल्याला कळतं की हिशोब जुळलाय पण माणूस बिघडलाय. मी बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे काम करते, दिवसभर बिल ऑफ एन्ट्री, कंटेनर आणि कस्टमचे कागद, त्यामुळे मला हे जरा जास्तच जवळचं वाटलं असेल. सगळी पुस्तकं इंग्रजीतून वाचली, बरीचशी ट्रेनमध्ये.

सुरुवात 'चीज' पासून करते कारण ही सगळ्यात छोटी आहे आणि मराठी माणसाने तर वाचलीच पाहिजे. लेखक विलेम एल्सखॉट, १९३३ सालची. आता एल्सखॉट हा अँटवर्पचा, म्हणजे बेल्जियमचा, पण लिहितो डचमध्ये, सो चालवून घ्या. फ्रान्स लार्मान्स नावाचा एक पन्नाशीकडे आलेला कारकून, जहाजं बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला. ओळखीतल्या एका श्रीमंत माणसाकडे बड्या लोकांच्या बैठकीत जायला लागतो, तिथे आपण साधे कारकून याची लाज वाटायला लागते, आणि त्याच ओळखीतून त्याला एक एजन्सी मिळते. चीजची. एडॅमचे लालबुंद गोळे, दहा हजार नग, वीस टन माल. हा गडी काय करतो? डॉक्टर भावाकडून आजारपणाचं सर्टिफिकेट घेतो, कंपनीतून रजा टाकतो आणि घरातच ऑफिस थाटायला घेतो. कंपनीचं नाव काय ठेवायचं यात दिवस जातात, मग लेटरहेड, मग टाइपरायटर, मग जुनं पण भारदस्त दिसेल असं टेबल शोधत गावभर फिरणं. आणि चीज? चीज गोदामात पडलंय!

मी हे वाचताना खरंच अस्वस्थ होत होते, म्हणजे साहित्यिक अस्वस्थता वगैरे नाही, मला सारखं वाटत होतं अरे बाबा माल उचल, डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा दंड) चढत असेल. आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक काका असतो ज्याने व्हीआरएसचे पैसे आल्यावर आधी व्हिजिटिंग कार्डं छापली आणि केबिनला काच बसवली आणि गिऱ्हाईक शोधायचं राहूनच गेलं. मराठी माणूस आणि धंदा यावर आपण जे विनोद करतो ना, ते सगळे एका बेल्जियन माणसाने नव्वद वर्षांपूर्वी करून ठेवलेत, आणि ते पण त्या माणसाला खाली न पाडता. एल्सखॉट स्वतः जाहिरातीच्या धंद्यात होता म्हणून असेल, त्याला विकणं म्हणजे काय हे आतून माहीत आहे. शेवटी घरातली माणसं त्याच्याशी ज्या प्रकारे वागतात ते मी सांगत नाही, पण दादर येऊन गेलं तरी मी उतरले नाही.

यानंतर 'मॅक्स हॅवेलार' घेतली, १८६० ची, मुल्टाटुली या टोपणनावाने लिहिलेली. मूळ माणूस एडुआर्ड डौवेस डेकर, जावामध्ये डच सरकारचा अधिकारी, लेबाक जिल्ह्यात होता आणि तिथला जुलूम बघून १८५६ मध्ये राजीनामा दिला. मला वाटलं होतं हे अभ्यासाचं पुस्तक असणार, पवित्र आणि कंटाळवाणं. पण सुरुवातीलाच येतात ड्रोखस्टॉपेल साहेब, अॅमस्टरडॅमचे कॉफीचे दलाल, राहणार लॉरियरग्राख्ट ३७, आणि पत्ता ते स्वतःच पुन्हा पुन्हा सांगतात. यांना कविता आवडत नाही कारण कवितेत खोटं असतं, यांना नाटक आवडत नाही, यांना फक्त सत्य आणि कॉफीचे भाव आवडतात, आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन हे समाधानाने ऐकतात की जावाच्या माणसाने जास्त काम केलं तर त्याचा आत्मा वाचेल. इतका खरा माणूस मी कादंबरीत बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. असे साहेब मी फोनवर रोज ऐकते, फक्त कॉफीच्या जागी दुसरा माल.

गंमत म्हणजे पुस्तक यांच्या हातून निसटतं. जुन्या वर्गमित्राच्या कागदांच्या गठ्ठ्यातून जावाची गोष्ट बाहेर येते, ती लिहितो ऑफिसातला एक जर्मन पोरगा, आणि अगदी शेवटी मुल्टाटुली सगळ्यांना बाजूला सारून स्वतः पेन हातात घेतो आणि थेट राजा तिसऱ्या विल्यमला जाब विचारतो. १८६० मध्ये! मधे सैजा आणि अदिंदाची गोष्ट आहे, त्यात गावचा वतनदार सैजाच्या बापाची म्हैस घेऊन जातो, मग दुसरी, मग तिसरी. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन-चार दिवस दुसरंच काहीतरी वाचलं. शेतकऱ्याचं जनावर सरकारने किंवा सावकाराने ओढून नेणं हे आपल्याला काही नवीन नाही, पण इथे नेणारा आपल्यातलाच आणि डोळेझाक करणारा डच, आणि त्या सगळ्याची कॉफी होऊन अॅमस्टरडॅमला लिलावात जाते. १८३० पासून तिथे पद्धतच होती की गावाने जमिनीचा एक हिस्सा सरकारला हव्या त्या पिकासाठी द्यायचा. आपल्याकडच्या निळीची आठवण येते. इंडोनेशियाचे प्रामुद्या अनंता तूर यांनी या पुस्तकाला वसाहतवाद मारणारं पुस्तक म्हटलं होतं. मला ते जरा जास्त वाटतं, कारण वसाहत त्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं चांगली चालली, पण पुस्तकात तो राग अजून गरम आहे हे खरं. मधले काही भाग लांबतात, हॅवेलारची भाषणं मी भराभर पानं उलटत संपवली. आणि हो, आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ, तिथे वलंदेजांची, म्हणजे डचांचीच, वखार अजून पडक्या अवस्थेत उभी आहे, लहानपणी आम्ही तिथे करवंदं खात फिरायचो आणि हे कोण लोक, इथे काय विकत घेत होते, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

नेसिओ मात्र मला मुंबईमुळे सापडला. एका दुकानात पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिलं होतं की लेखक हॉलंड-बॉम्बे ट्रेडिंग कंपनीत डायरेक्टर होता. बॉम्बे! घेतलंच मग. खरं नाव ग्रोनलो, अॅमस्टरडॅममध्ये आयुष्यभर नोकरी केली, नोकरीत अडचण नको म्हणून टोपणनावाने लिहिलं आणि लिहिलं तेही इतकं थोडं की सगळं मिळून एक पातळ पुस्तक होतं. त्याच्या टेबलावर आपल्या शहराचे कागद येत असणार, आणि हा माणूस त्या टेबलावर बसून अशा पोरांच्या गोष्टी लिहीत होता ज्यांना कधीच टेबलावर बसायचं नव्हतं. १९११ ची 'फुकट्या' नावाची गोष्ट आहे (नाव माझं, इंग्रजीत 'द फ्रीलोडर'), त्यात यापी नावाचा एक तरुण मित्रांच्या सिगार ओढतो, मित्रांचे कोट घालतो, मित्रांकडे झोपतो आणि उरलेला वेळ पाण्याकडे बघत बसतो. काही व्हायचं नाही, काही करायचं नाही हाच त्याचा उद्योग. वाचताना आधी राग येतो, असा मित्र आपल्याकडे असता तर आईने दारातूनच परत पाठवला असता, आणि मग हळूहळू कळतं की लेखकाला या फुकट्याचा हेवा वाटतोय. कामाला लागल्यावर यापीचं काय होतं ते अगदी दोन-चार ओळींत, शांतपणे सांगून टाकलंय, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर भर दुपारी ऑफिसचं आयकार्ड गळ्यात घालून बसलेली माणसं दिसतात ना, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

आता ऑफिस सोडून. या सगळ्यांत मला सर्वात जास्त आवडलेली कादंबरी हॅरी मुलिशची 'द असॉल्ट', १९८२ ची. जानेवारी १९४५, हार्लेम, डच लोक उपासमारीने मरत असलेला तो हिवाळा. एका ओळीत चार घरं. बारा वर्षांचा अँटन घरच्यांबरोबर ल्युडो खेळतोय आणि बाहेर गोळ्यांचा आवाज येतो. जर्मनांच्या बाजूचा एक पोलीस अधिकारी शेजाऱ्यांच्या दारात मरून पडलाय, आणि शेजारी बाहेर येऊन ते प्रेत उचलून अँटनच्या घरासमोर आणून टाकतात. बस. ज्याच्या दारात प्रेत त्याच्यावर जर्मनांचा सूड, घर जाळलं जातं, आई-बाप-भाऊ गेले. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे १९५२, १९५६, १९६६, १९८१, मोठा झालेला अँटन भूल देणारा डॉक्टर झालाय, (भूल देणारा! मुलिशला हे सुचलं तेव्हा तो किती खूश झाला असेल) त्याला काही आठवायचं नाहीये, आणि तरी दर काही वर्षांनी कुणीतरी भेटतं आणि त्या रात्रीचा एक एक तुकडा हातात देऊन जातं. मारलेल्या पोलिसाचा मुलगा भेटतो, त्यालाही बाप गमावल्याचं दुःख आहेच आणि ते लेखक हसण्यावारी नेत नाही. प्रेत का हलवलं, आणि दुसऱ्या बाजूच्या घरासमोर का नाही टाकलं, ही दोन उत्तरं शेवटी मिळतात. एक उत्तर जवळपास हास्यास्पद आहे आणि दुसरं ऐकून आपण कुणाला दोष द्यायचा हेच कळेनासं होतं. मुलिशची आई ज्यू आणि बाप जर्मनांसाठी काम करणारा, तेव्हा हा माणूस कुठल्या एका बाजूला उभा राहून लिहिणारच नव्हता. यावरच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं, मी पाहिला नाही आणि सध्या पाहायचाही नाही.

खेरार्ड रेव्हची 'द ईव्हनिंग्ज' मात्र सगळ्यांना आवडेल असं सांगता येणार नाही. १९४७ ची, इंग्रजीत यायला २०१६ उजाडलं. डिसेंबर १९४६ चे शेवटचे दहा दिवस, फ्रिट्स नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा, आई-बापाबरोबर राहतो, ऑफिसात कार्डं काढतो आणि काढून झाली की परत लावतो, संध्याकाळी काय करायचं कळत नाही, केस गळतील म्हणून घाबरतो, मित्रांना टक्कल पडेल असं सांगून छळतो. घडत काहीच नाही. ज्यांना 'कोसला' आवडते त्यांनी घ्या, ज्यांनी 'कोसला' पन्नासाव्या पानावर सोडली त्यांनी पैसे वाचवा. दोन्ही पुस्तकं पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांनी लिहिलेली आणि दोन्हींत बापावरचा राग, पण सांगवीकर निदान गाव सोडून पुण्याला तरी जातो, फ्रिट्स तर बापाच्या जेवण्याचा आवाज ऐकत तिथेच. वन रूम किचनमध्ये वाढलेल्या कुणालाही तो आवाज माहीत आहे. शेवटी आई वाइन समजून फळांचा रस आणते, तो प्रसंग वाचून मी हसले आणि मग आईला फोन केला.

बाकीची पटकन. हर्मन कॉखची 'द डिनर' एका महागड्या हॉटेलात एका रात्रीत घडते, मॅनेजर करंगळीने ताटातले पदार्थ दाखवतो ते भारी, पण अर्ध्यावर आल्यावर लेखक आपल्याला फक्त धक्के देतोय असं वाटायला लागलं. मला धक्के खायला चर्चगेट फास्ट आहे. रायनेफेल्डची 'द डिसकम्फर्ट ऑफ ईव्हनिंग', २०२० ची इंटरनॅशनल बुकर, गाई-गोठ्याचं आणि मेलेल्या भावाचं पुस्तक, लिहिणारी व्यक्ती मोठी आहे यात शंका नाही, पण जेवताना वाचू नका, खरंच नका. याएल व्हान डर वाउडनची 'द सेफकीप' मुळात इंग्रजीतच लिहिलेली, म्हणून यात बसते की नाही माहीत नाही, पण त्यातली इसाबेल घरातले चमचे मोजून यादी करते आणि ते चमचे मुळात कुणाचे हा प्रश्न हळूहळू वर येतो. पुन्हा हिशोब! ड्रोखस्टॉपेलची नात शोभेल.

आता मला हवंय ते फॉस्कौलचं 'हेट ब्युरो'. १९९६ ते २००० मध्ये आलेले सात खंड, पाच हजारांहून जास्त पानं, आणि विषय काय तर एक ऑफिस. लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारी संस्था, तिथले चहा, मीटिंगा, रुसवेफुगवे, नायकाला काम मिळतं ते लोक बुटक्यांच्या गोष्टींवर कुठे कुठे विश्वास ठेवतात याचा नकाशा करायचं. डच लोक म्हणे पुढच्या खंडाची वाट बघत असायचे. सगळेच्या सगळे खंड इंग्रजीत नाहीत पण जर्मनमध्ये आहेत, आणि माझा मामेभाऊ काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकतो. त्याला म्हटलं वाच आणि रोज रात्री फोनवर मला सांग. तो म्हणाला ताई, पाच हजार पानं? मी म्हटलं बरं, पहिला खंड तरी. परीक्षा झाल्यावर बघू म्हणालाय.